अर्धं पाऊल

एमेतेरिओने माझ्या भावाचा पाय मोडला, त्याला या जुलैत सव्वीस वर्षं झाली. गावात असं कुणी म्हणत नाही. गाव म्हणतं, मियान उतारावर पडला. पडला म्हणे! दहाव्या वर्षापासून काठ्यांवर चालणारा माझा भाऊ, तो असा पडणाऱ्यातला नव्हता. त्याला पडू दिलं, आणि कुणी पडू दिलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मी अलोदिया. गावात नाचाच्या काठ्या करते. आधी माझा बाप करायचा. दीड फूट उंचीची बीच लाकडाची काठी, वर पाऊल टेकायला खाच, आणि पोटरीला आवळायला पट्ट्या. संत मॅग्दालेनाच्या जत्रेला आठ जण या काठ्या बांधून, पिवळे घेरदार घागरे घालून, हातात चिपळ्या घेऊन चर्चच्या दारातून निघतात. सात पायऱ्या उतरायच्या आणि मग दगडगोट्यांच्या उतारावरून एकेकट्याने गरगर फिरत खाली चौकात यायचं. फिरताना घागरा फुगतो आणि तोच तोल सांभाळतो. थांबायची मात्र सोय नाही. काठ्यांवर चालता येतं, नाचता येतं, पण उभं राहता येत नाही, आणि त्या वेगात तर देवालाही राहता येणार नाही.

खाली उतार जरा डावीकडे वळतो, आणि नेमका तिथेच पाण्याचा दगडी हौद आहे. माझ्या आजोबांच्या आजोबांनी तो तिथे का बांधला ते त्यांनाच ठाऊक. नाचणारा येतो तो सरळ हौदाच्या रोखाने. म्हणून हौदाच्या पुढे एक माणूस उभा राहतो, आणि नाचणारा त्याच्या छातीवर येऊन आदळतो. त्या माणसाला आम्ही ‘छाती’च म्हणतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, हनुवटी खांद्याकडे वळवलेली, हात पाठीमागे. हात पुढे करायचे नाहीत, मनगटं मोडतात. छातीने काही करायचंच नसतं. फक्त जागा सोडायची नसते.

आपली छाती ज्याची त्याने निवडायची. जत्रेच्या नऊ दिवस आधी चर्चसमोर सगळ्यांच्या देखत त्या माणसाच्या कमरेला आपला लाल पट्टा बांधायचा. एकदा बांधला की नाचणाऱ्याला तो सोडता येत नाही. छाती स्वतःहून म्हणाली की जमत नाही, तरच सुटतो.

एमेतेरिओ त्या आठांत होता. त्याला चक्कर यायला लागली, पोटही सुटलं, आणि नाचाच्या मंडळाच्या म्हाताऱ्यांनी त्याला काढून त्याच्या जागी मियानला घेतलं. एमेतेरिओ हसला, मियानला मिठी मारली, दारू पाजली. आणि माझा भाऊ इतका साधा, की एमेतेरिओला वाईट वाटू नये म्हणून त्याने आपला पट्टा त्याच्याच कमरेला बांधला. मी म्हटलं होतं, “अरे, दुसरा कुणी मिळाला नाही का तुला?” तर म्हणाला, “अगं, त्याची जागा घेतलीय मी. एवढा तरी मान नको का द्यायला?”

त्या दिवशी मी आमच्या सज्जात होते, हौदाच्या बरोबर वर. मियान सुंदर उतरला. इतका सुंदर की बायका ओरडायच्या थांबल्या. एमेतेरिओ त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने डावा पाय उचलला आणि बाजूला ठेवला. अर्धं पाऊल, जास्त नाही. मियान त्याच्या खांद्याला घासून पुढे गेला आणि हौदाच्या कडेवर आदळला. गुडघा गेला, खुबा गेला. तो आवाज मी वरून ऐकला.

“पाय घसरला हो,” एमेतेरिओ ढसाढसा रडत होता. “दगडावर दारू सांडली होती.” आणि गाव त्याची समजूत काढत होतं! त्याची! मी मंडळाच्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगितलं, तर एकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बहीण आहेस, पोरी. बहिणीला असंच दिसणार.” पुढच्या जुलैत आठवी जागा रिकामी होती. ती कुणाला मिळाली? एमेतेरिओला. बारीक होऊन आला होता. पुढची सात वर्षं तो माझ्या भावाच्या जागी नाचला, आणि सातही वर्षं त्याच्या काठ्या मी केल्या. मनात आणलं असतं तर एखादी गाठीची काठी खपवता आली असती. पण माझ्या बापाच्या दुकानातून खोटी काठी कधी बाहेर गेली नाही, आणि त्या नालायकासाठी मी दुकानाचं नाव घालवणार नव्हते. मला त्याचा पाय नकोच होता. मला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं, आणि ते काय ते तेव्हा कळत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ते आपल्या पायांनी चालत माझ्या दुकानात आलं. एमेतेरिओचा मुलगा उनाय. एकोणीस वर्षांचा, लांब टांगांचा, कानात वायरी.

“मावशी, मला काठ्यांवर शिकवाल का?”

“तुझा बाप शिकवेल की. सात वर्षं नाचलाय.”

“बाबा नको म्हणतात. म्हणतात, सगळं शिक, एवढं सोडून. सगळे म्हणतात, गावात खरं शिकवणारं तुम्हीच राहिलात.”

मी लाकडावरचा रंधा थांबवला नाही. पण आतून असा आनंद झाला, की काय सांगू! त्याच क्षणी सगळं दिसलं मला. पोरगा शिकेल, आठांत येईल, पट्टा माझ्या कमरेला बांधेल. मी हौदापुढे उभी राहीन. आणि मग माझाही पाय घसरेल.

“ये उद्यापासून,” मी म्हटलं.

कुणी म्हणेल, एवढं मनात धरून बाईने पोराला कच्चं शिकवलं असेल. मुळीच नाही. पोरगा उत्तमच व्हायला हवा होता, नाही तर मंडळ त्याला घेणार कसं? मी त्याला माझ्या बापाने मियानला शिकवलं तसं शिकवलं. पहिला महिनाभर नदीकाठच्या कुरणात फक्त पडायला. उनाय वैतागला.

“मावशी, मी चालायला आलोय की पडायला?”

“चालायचं कुणालाही येतं. कोंबडीलाही येतं. पड.”

“हात टेकू?”

“टेक. मग आयुष्यभर चमच्याने भरवून घे. मुठी मिटलेल्या ठेव, चिपळ्या आत, आणि छाती पुढे टाक. छातीने पडणारा वाचतो.”

पट्ट्या कधी स्वतः बांधू नकोस, दुसऱ्याकडून बसून बांधून घे. बांधून दहा मिनिटं चाल आणि पुन्हा आवळून घे, कारण कातडं अंगाला बसलं की सैल पडतं. काठीचा तळ दरवर्षी घासून घे. ओल्या गवतावर जाऊ नकोस, वाळूवर जाऊ नकोस, आणि कुणी कितीही चढवलं तरी दोन घोट पोटात असताना तर मुळीच नको. गुडघे कधी ताठ करू नकोस. पायांकडे बघू नकोस. उतरताना प्रत्येक गिरकीला मान आधी फिरव आणि डोळे आपल्या छातीच्या माणसावर आणून टाक. पुन्हा फिर, पुन्हा त्याच्यावर. तो दिसतोय तोवर तू सुरक्षित आहेस.

हे शेवटचं मी रोज सांगायचे. सांगताना जीभ अडखळली नाही.

मियान दुकानाच्या दारात बसून पट्ट्या शिवतो. दोन काठ्या टेकत उठतो, तेही थंडीत जमत नाही. त्याने कधी एमेतेरिओचं नाव काढलं नाही, ना चांगलं ना वाईट. उनाय यायला लागल्यावर मला वाटलं होतं, हा चिडेल. तर हा त्याला बसल्या जागेवरून सांगायचा, “खांदा पाडू नकोस रे. हं, आता बघ.” आणि उनाय दुपारी आमच्याकडेच जेवायचा. तांबड्या घेवड्याची आमटी आणि चोरीसोचं तिखट सॉसेज, दोन वाडगे, तिसरा लाजत. ओंडके उचलायला मदत करायचा. मला हसवायचा. एकदा काठ्यांवर पावलं मारत माझ्या दुकानाचं छप्पर झाडलं त्याने, आणि खाली उतरून म्हणाला, “वर तीन बूट सापडले, मावशी. तुम्ही कुणाकुणाला फेकून मारलेत?”

तो मला आवडायला लागला. कबूल करते. पण आवडला म्हणून काय झालं? मियान मला आवडत नव्हता का? एमेतेरिओला तेव्हा कुणाची दया आली होती? रोज संध्याकाळी उनाय गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेत असे आणि ते पाऊल घोटवत असे. वजन उजव्या पायावर, डावा उचलायचा, खांदा किंचित वळवायचा. बघणाऱ्याला पाय घसरलाच वाटेल. तीन हिवाळे घोटवलं मी ते.

या वर्षी मंडळाने उनायला घेतलं. चर्चसमोर पट्टे बांधायच्या दिवशी तो गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. बाईच्या कमरेला पट्टा आमच्याकडे याआधी कधी बांधला नव्हता, पण बांधू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. “मावशी, हात वर,” म्हणाला आणि बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एमेतेरिओ आता जत्रेचा कारभारी आहे, चांदीच्या मुठीची काठी घेऊन पुढे उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचं तोंड असं पांढरं पडलं, की त्याच्या बायकोने त्याला विचारलं, बरं वाटत नाही का?

त्या तोंडासाठी मी सव्वीस वर्षं जगले होते. आणि खरी मजा तर पुढेच होती, कारण त्याला काही करताच येत नव्हतं. मुलाला म्हणणार काय? अलोदियाला छाती करू नकोस. का बाबा? आता सांग का ते!

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. मियान पाद्रीकडे पट्ट्या पोचवायला गेला होता. एमेतेरिओने ते बघूनच वेळ साधली असणार.

“काम चाललंय वाटतं.”

“नाही, झोपलेय. दिसत नाही का?”

तो हसल्यासारखं करून फळीवर टेकला. “उद्या ऊन फार आहे म्हणतात. सदतीसवर जाईल.”

“टोपी घाल मग.”

“तसं नाही, अलोदिया. पोरगा अठ्ठ्याहत्तर किलोचा आहे. वरून वेगात येणार. आणि आता आपली वयं झाली. तो बेकरीवाला उर्बानो आहे बघ, भिंत आहे नुसती. तो जर उभा राहिला...”

“तुझ्या पोराने पट्टा उर्बानोला बांधलाय का?”

“नाही. पण तू स्वतःहून म्हणालीस, की पाठ दुखतेय...”

“माझी पाठ ठणठणीत आहे. सकाळपासून चार ओंडके एकटीने चढवलेत.” मी रंधा बाजूला ठेवला. “तुला कसली भीती वाटतेय, ते एकदा सरळ सांग ना. मी आत्ता पट्टा सोडते. या खिळ्याला लटकवते. फक्त सांग.”

त्याने फळीवरचा भुसा बोटाने बाजूला सारला.

“मी मदत करू? म्हण, ‘अलोदिया, तू बाजूला होशील अशी मला भीती वाटते.’ मग मी विचारेन, असं तुझ्या मनात आलंच कसं? छाती कधी बाजूला होते का? आपल्या गावात असं कधी झालंय?”

“माझा पाय घसरला होता,” तो म्हणाला.

“मग प्रश्नच मिटला. माझे बूट नवीन आहेत, रबरी तळाचे. घसरणार नाहीत.”

“त्या पोराने तुझं काय वाकडं केलंय?”

“मियानने तुझं काय केलं होतं?”

तो उठला. दारात थांबला, वळला, तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतो. आला होता शब्द ओठांपर्यंत, मी शपथेवर सांगते. मग त्याने टोपी डोक्यावर दाबली. “वाईट बाई आहेस तू,” म्हणाला.

“नव्हते. व्हायला वेळ लागला.”

तो गेला आणि मी गाणं म्हणत काम संपवलं. पोराचा जीव धोक्यात आहे असं वाटत असूनही एक वाक्य बोलवेना या माणसाला! स्वतःचं नाव पोरापेक्षा मोठं! उरलासुरला कच्चेपणा होता माझ्या मनात, तोही त्या सकाळी गेला. ठरलं म्हणजे ठरलं.

जत्रेचा दिवस त्याने सांगितला तसाच तापला. मिरवणूक झाली, प्रार्थना झाली, आणि दुपारी सनई-ढोल उताराच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मियानला मी हौदाच्या पलीकडे खुर्ची टाकून दिली होती. त्याने बघावं अशी माझी इच्छा होती. त्याच्या शेजारी दोरीपलीकडे एमेतेरिओ, चांदीची मूठ छातीशी धरून. दोरीच्या आत छातीशिवाय कुणीही पाय ठेवायचा नाही, हा नियम दरवर्षी तोच ओरडून सांगतो. त्या दिवशीही त्यानेच सांगितला.

नवा माणूस शेवटी उतरतो. सात जण आले, सात छात्यांवर आदळले, घामाने निथळत बाजूला झाले. मग मी दोरी ओलांडून हौदापुढे उभी राहिले. उजवा पाय पुढे, डावा मागे, हात पाठीशी. लोक ओरडले, “अलोदिया! अलोदिया!” सगळं गाव बघत होतं. मला हवं होतं तसंच.

वर उनाय सात पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवरून त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ढोल सुरू झाला. घागरा फुगला आणि तो निघाला.

काय उतरला पोरगा! मियानसारखा. खांदा पडला नाही, गुडघा ताठला नाही, आणि दर गिरकीला मान आधी फिरून डोळे माझ्यावर. फिरला, माझ्यावर. फिरला, माझ्यावर. मीच शिकवलेलं ते. वीस हात राहिले, पंधरा राहिले. मी वजन उजव्या पायावर घेतलं.

डावा पाय उचलला.

“अलोदिया, नको!” एमेतेरिओ ओरडला. तो माणसासारखा आवाजच नव्हता. “मी मुद्दाम सरकलो होतो! मी! मुद्दाम! त्याने काय केलंय? नको!”

पाय खाली आला. होता तिथेच आला. त्या ओरडण्याने आला, की आधीच यायला लागला होता, हे मी तेव्हापासून स्वतःला शंभरदा विचारलंय, आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय. एवढंच खरं, की पुढच्या क्षणी उनाय माझ्या छातीवर आदळला. बरगड्यांतून कळ गेली, टाचा दगडावर सरपटल्या, पण मी हौदापर्यंत गेले नाही. धरला मी त्याला.

सनई थांबली होती. ढोलवाल्याने एक ठोका जास्तीचा मारला आणि तोही थांबला. एमेतेरिओ दोरीवर वाकून रडत होता आणि बोलत होता. आता त्याला बोलायची काही गरज नव्हती, पण सव्वीस वर्षांचं तुंबलेलं थांबेना. “मीच सरकलो होतो. दारू-बिरू काही सांडली नव्हती. मला माझी जागा हवी होती.” त्याची बायको त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली. मंडळातला तो म्हातारा, माझ्या डोक्यावर हात ठेवणारा, अजून जिवंत आहे. तो खाली बघत होता. कुणीतरी कारभाऱ्याची काठी जमिनीवरून उचलली आणि त्याला परत दिली नाही.

झालं होतं. मला वाटलं होतं त्याहून चांगलं झालं होतं. पोरगा धडधाकट, आणि एमेतेरिओ त्याच्याच तोंडाने, साऱ्या गावासमोर, मातीत. असं समाधान मला जन्मात कधी झालं नव्हतं. मी मोठ्याने हसले असते, पण बरगड्या दुखत होत्या.

उनाय अजून माझ्या खांद्यावर होता. दोघं जण त्याला आधार द्यायला धावले, त्याने त्यांना हाताने थांबवलं.

“मावशी,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “तुमचा पाय उचललेला होता.”

मी त्याचा घागरा नीट करायला लागले.

“मी बघत होतो तुमच्याकडे. तुम्हीच सांगितलं होतंत, बघ म्हणून.”

आणि मी म्हणाले, “अरे, दगडावर पाय घसरला.”

शब्द तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आले. त्यालाही आले. त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मग तो त्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला झाला. मला हाक मारावीशी वाटली. कुठल्या तोंडाने मारणार?

जत्रेत उताराच्या तीन खेपा असतात. काही झालं तरी तीन. एमेतेरिओला त्याच्या भावाने घरी नेलं, पाद्रीने हाताने खूण केली आणि सनई पुन्हा वाजायला लागली. दोन खेपांच्या मधल्या वेळात मी मियानकडे गेले. हा तरी माझा होता. ज्याच्यासाठी केलं तो तर होता.

“ऐकलंस?” मी म्हटलं. “सगळ्यांनी ऐकलं. आता बोलू दे कुणाला, मियान पडला म्हणून.”

“मला काय ऐकवतेस?” तो म्हणाला. “मी त्याच्या डोळ्यांत बघत उतरलो होतो, अलोदिया. मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?”

“बोलून गुडघा परत येणार होता? एकाने केलं तेवढं पुरे होतं.” त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, बोटं पांढरी पडली होती. “मी आज त्याच्याकडे बघतच नव्हतो. पोराकडेही नाही. मी तुझ्या पायाकडे बघत होतो. तो ओरडायच्या आधीपासून.”

मी म्हटलं, “खाली ठेवला ना पण?”

“ठेवलास,” मियान म्हणाला. “ठेवलास बाई.” आणि त्याने तोंड फिरवलं. त्याने ते प्रेमानेच म्हटलं. त्यापेक्षा मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा सात जण आले. मग मी दोरी ओलांडली आणि हौदापुढे उभी राहिले. नावाने कुणी ओरडलं नाही. पट्टा कमरेला होताच. मी सोडला असता तर त्याला दुसरी छाती घेता आली असती. मला ते सुचलं नाही असं नाही. मला वाटलं, मी या वेळी दगडासारखी उभी राहीन, दोन्ही पाय रोवून, आणि तो बघेल. एकदा बघितलं की बस. दोन्ही पाय असे रोवले मी, की टाचांना गोटे टोचत होते.

उनाय निघाला. तसाच सुंदर. मान फिरली, आणि डोळे माझ्यावर आले नाहीत. ते माझ्या डावीकडे, दोरीपलीकडच्या गर्दीवर गेले. पुन्हा फिरला, पुन्हा तिकडेच. उतार उतरणाऱ्याला त्याच्या डावीकडे ओढतो, त्याला उजवीकडे जायचं तर वेगात आडव्या दोन गिरक्या घ्याव्या लागतात, आणि आडव्या गिरकीत काठी गोट्यांत अडकली तर माणूस पाठीवर पडतो. मी त्याला तो प्रकार कधी शिकवला नव्हता. कुणीच कुणाला शिकवत नाही.

“सरळ ये!” मी ओरडले. “उनाय, सरळ ये रे! मी आहे!”

त्याने आडवी गिरकी घेतली. काठी खणकन वाजली, तोल गेला, आला, दुसरी गिरकी अर्धीच झाली आणि तो कलंडत दोरी तोडून गर्दीत कोसळला. उर्बानो होता तिथे, दोन पाहुणे होते, एक लेकुरवाळी बाई होती. कुणी तयार नव्हतं. सगळे एकमेकांवर पडले. किंकाळ्या झाल्या, आणि मग त्या ढिगातून उनायचा हात वर आला, चिपळ्यांसकट. खरचटलं होतं, कपाळातून रक्त येत होतं. तो वाचला होता.

मी हौदापुढे छाती काढून उभी होते, आणि माझ्यासमोर नुसते गोटे होते. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. हौद आणि तो आडवा उतार, दोन्हींत त्याने काय निवडलं ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. एमेतेरिओकडे सव्वीस वर्षांपूर्वी कुणी असं बघितलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेआधी मी पट्टा सोडला, घडी केली आणि उर्बानोच्या हातात दिला. मग बाजूला झाले.